मुक्कामी गाडी : आई-अण्णांसोबत न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया

आई-अण्णा इकडे आले की दरवेळी तेच होतं, नायगारा, वॉशिंग्टन, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, एडिसनच्या ओक ट्री रोडवर भाजी-सामान आणि मग उरलेले महिने घरात. यावेळी मला त्यांना मधला देश दाखवायचा होता. विमानाने उडून चार ठिकाणं बघायची नव्हती, रस्त्याने जायचं होतं, कारण अण्णांना रस्ता कळतो. त्यांनी आयुष्यभर एसटी चालवली, कराड डेपोला होते, बरीच वर्षं कराड-चिपळूण म्हणजे रोजचा कुंभार्ली घाट. विनाअपघात सेवेचा बिल्ला आईने अजून कपाटात जपून ठेवलाय. पण हा माणूस स्वतः खिडकीशी बसून कधी कुठे फिरायला गेला नाही. गणपती, दिवाळी, पंढरपूरची वारी, लोकं जेव्हा फिरतात तेव्हा यांच्या जादा गाड्या सुटायच्या.

कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घ्यायचं कारण मात्र अगदी व्यवहारी होतं. आईचे गुडघे, तिला दर दोन तासांनी बाथरूम लागतं, अण्णांना जेवायच्या आधी बीपीची गोळी आणि जेवण घरचंच. दोन मुलं. मोटेल आणि कार करून हे जमलं नसतं. म्हणून 28 फुटी क्लास सी, म्हणजे मधल्या आकाराची कॅम्पर गाडी, भाड्याने घेतली, एकतर्फी, न्यू जर्सीत घ्यायची आणि कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला माझा मावसभाऊ राहतो त्या बाजूला सोडायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर मुलांचा बेड, मागे आई-अण्णांचा, मधलं जेवायचं टेबल रात्री खाली केलं की त्यावर आम्ही दोघं. शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम सगळं आत.

शनिवार, न्यू जर्सी ते पेन्सिल्वेनिया

गाडी ताब्यात घ्यायलाच अर्धा दिवस गेला. तिथला माणूस आम्हाला टाक्या, गॅस, जनरेटर समजावत होता तोवर अण्णा एकटेच गाडीभोवती फिरत होते, प्रत्येक टायरवर हात मारला, वाकून खाली बघितलं, "मागं जोड चाकं हायती, बरं झालं" म्हणाले. आत येऊन बेड बघितले आणि म्हणाले, "आगं ही तर मुक्कामी गाडी." खेडेगावात वाढलेल्यांना सांगायला नको, रात्रीची शेवटची फेरी गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी घेऊन निघते. तेव्हापासून मुलांनी तिला मुक्कामीच म्हणायला सुरुवात केली.

पेट्रोल न्यू जर्सीतच फुल्ल केलं. स्वतः पेट्रोल भरायला बंदी असलेलं देशात आता हे एकच राज्य उरलंय, इथे अजून माणूस येऊन भरतो, पुढे सगळीकडे आपलं आपण. भरायच्या आधी प्रोपेनचा म्हणजे शेगडीच्या गॅसचा व्हॉल्व्ह बंद करायचा हे अण्णांनी स्वतःकडे घेतलं आणि शेवटपर्यंत दर पंपावर तेच खाली उतरून बंद करायचे. गाडीची उंची साधारण 12 फूट, ती मी एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवली, कारण आमच्याकडच्या काही जुन्या पार्कवेंवर पूल इतके बुटके आहेत की अशी गाडी तिकडे न्यायचीच नाही.

डेलावेअर वॉटर गॅपला डोंगराच्या खिंडीतून नदीसोबत बाहेर पडलो की पेन्सिल्वेनिया लागतं आणि ते संपतच नाही, आय-80 हा हायवे या एकाच राज्यातून 300 मैलांच्या वर जातो. क्लिअरफिल्डजवळ पाटी आहे, मिसिसिपी नदीच्या पूर्वेला आय-80 वरची सगळ्यात उंच जागा, 2250 फूट. अण्णांनी आकडा दोनदा विचारला. आपलं महाबळेश्वर 4500 फुटांवर, त्यामुळे त्यांना ही उंची म्हणजे पाटणच्या आसपासची टेकडीच वाटली. मी म्हटलं थांबा, पश्चिमेला गेल्यावर बोलू.

रात्री कॅम्पग्राउंडला आईने पिठल्याला फोडणी दिली आणि छतातला स्मोक अलार्म जो बोंबलायला लागला की आजूबाजूचे दोघंतिघं बाहेर आले. कॅम्परमध्ये जागा एवढीशी की मोहरी तडतडली तरी सेन्सरला कळतं. त्यानंतर नियम झाला, आधी छताचा पंखा चालू, दार उघडं, मगच तेल तापवायचं. ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी हे लिहून ठेवा.

रविवार, ओहायो

दिवसभर टर्नपाइक म्हणजे टोलचा हायवे, सांगण्यासारखं फार नाही. रात्र सर्व्हिस प्लाझावर काढली, ओहायो टर्नपाइकच्या काही प्लाझांवर कॅम्परसाठी रात्री थांबायची वेगळी जागा असते. आमच्या पलीकडे ट्रकची लांब रांग. जेवण झाल्यावर अण्णा फेरफटका मारायला म्हणून गेले ते तासभर आलेच नाहीत, बघते तर एका पंजाबी ट्रकवाल्याबरोबर हिंदीत गप्पा चाललेल्या. त्याने अण्णांना केबिनमध्ये चढवून सगळं दाखवलं होतं. इकडे ट्रकवाल्याने जास्तीत जास्त 11 तास चालवायचं, तेही ड्युटी सुरू झाल्यापासून 14 तासांच्या आत, मग सलग 10 तास सुट्टी, आणि हे सगळं गाडीतलं यंत्रच नोंदवतं, वहीत काहीही लिहायची सोय नाही. अण्णा परत आले ते तेच घोळवत बसले. डबल ड्युटी केलेल्या रात्री आठवत होत्या त्यांना, शिमग्याला कोकणात जाणारी गर्दी, घाटात धुकं, आणि सकाळी परत तीच गाडी. "दहा तास झोप सक्तीची, हे आमच्याकडं पायजे हुतं" एवढंच म्हणाले. मलाही तेच वाटतं, मनापासून. लहानपणी अण्णा घरी यायचे ते डोळे लाल करूनच.

सोमवार, शिकागोला वळसा आणि मिसिसिपी

इंडियानातून शिकागोच्या खालून जाताना तासभर ट्रॅफिक. तिथे घड्याळ एक तास मागे गेलं, आईने मात्र आपलं घड्याळ शेवटपर्यंत बदललं नाही, तिचं दुपारचं जेवण कायम न्यू जर्सीच्या बारालाच. संध्याकाळी लेक्लेअरजवळ मिसिसिपी ओलांडली. पुलावर थांबता येत नाही म्हणून मी वेग जरा कमी केला, आईने खिडकीतून नमस्कार केला. नदी ओलांडताना ती नमस्कार करते, कुठलीही नदी असो.

पुढे लगेच वॉलकॉटला आयोवा-80, जगातला सगळ्यात मोठा ट्रकस्टॉप म्हणतात त्याला, 1964 पासून आहे. ट्रकवाल्यांसाठी जेवण, अंघोळ, कपडे धुवायची सोय, दाताचा डॉक्टर, न्हावी, सगळं एका छताखाली. अण्णांना तिथून काढणं अवघड गेलं, विशेषतः क्रोमच्या भागांचं दुकान होतं तिथून.

मंगळवार, आयोवा

दिवसभर मका. एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन. आईचं माहेर शेतकऱ्याचं, तिला आधी बघून बरं वाटलं, मग दुपारी विचारायला लागली की एवढा मका खातं कोण. खरं सांगायचं तर यातला माणसाच्या ताटात फार थोडा येतो, बराचसा गुराडुकरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला, म्हणजे आमच्या गाडीच्या टाकीतही थोडा मकाच होता. तिने दुसरी गोष्ट टिपली ती अशी की मैलोनमैल शेत आहे पण शेतात माणूस नाही, बांधावर झाड नाही. मी या रस्त्यावरून आधीही गेलेय पण मला ते कधी खुपलं नव्हतं, त्या दिवशी खुपलं.

पवनचक्क्याही भरपूर, या राज्याची अर्ध्याहून जास्त वीज वाऱ्यावर तयार होते. कौन्सिल ब्लफ्सला आय-80 सोडून उत्तरेला वळलो, सू सिटीजवळ मुक्काम. तिथे अण्णांनी पेट्रोलचा हिशोब काढला. 9 मैल पर गॅलन म्हणजे लिटरला चार किलोमीटरही नाही. एसटीत दहा लिटरला किती किलोमीटर हा हिशोब असतो, डेपोत त्यावरून बोलणी बसायची, त्या मापाने आमची मुक्कामी 38 वर आली. "आमची गाडी यापेक्षा बरी हुती, आणि 50 माणसं घेऊन" हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे.

बुधवार, साउथ डकोटा

मिचेलला कॉर्न पॅलेस, वेगवेगळ्या रंगांची कणसं भिंतीवर ठोकून चित्रं केलेली इमारत, मुलांसाठी थांबलो, अर्ध्या तासात निघालो.

खरं थांबावंसं वाटलं ते चेंबरलेनला. मिझुरी नदीच्या वरच्या कड्यावर, हायवेच्या रेस्ट एरियातच, एका मूळनिवासी बाईचा 50 फुटी स्टीलचा पुतळा आहे, डिग्निटी नाव, 2016 साली बसवला. तिने पाठीमागे दोन्ही हातांनी चांदण्यांची गोधडी पसरून धरलीय. लाकोटा लोकांत अशी स्टार क्विल्ट मानाने पांघरतात. गोधडीतले निळे शंकरपाळी तुकडे वाऱ्यावर हलतात. आई गोधड्या शिवते, आमच्या सगळ्यांच्या बाळंतपणातल्या गोधड्या तिच्याच हातच्या, ती पुतळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन किती वेळ तुकडे कसे जोडलेत ते बघत होती. मग मला म्हणाली, "मधला चांदणीचा तुकडा आधी बसवायचा, मग कडेनं वाढवत यायचं, तसंच केलंय बघ." गुडघ्यांचं नाव न काढता ती तिथे उभी होती.

इथून पुढे हायवेची मर्यादा ताशी 80 मैल, आम्ही 62-65 वरच, उजव्या लेनमध्ये. मैदानी वारा आडवा लागतो तेव्हा एवढी उंच गाडी ढकलल्यासारखी होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजेत. संध्याकाळी बॅडलँड्स नॅशनल पार्कात शिरलो. गवताचं सपाट माळरान चाललेलं असतं आणि एकदम जमीन फाटते, खाली गुलाबी, पिवळ्या, राखाडी थरांचे सुळके. सूर्य खाली गेला तसे थर वेगळे वेगळे दिसायला लागले. सीडर पास कॅम्पग्राउंडला मुक्काम.

गुरुवार, बॅडलँड्स ते ब्लॅक हिल्स

सकाळी मुलांनी पार्कात मिळणाऱ्या ज्युनिअर रेंजरच्या वह्या भरल्या. इथली माती इतकी कच्ची की वर्षाला सुमारे एक इंच झिजते आणि आतले जीवाश्म उघडे पडत राहतात. 2010 मध्ये एका सात वर्षांच्या मुलीला इथल्या व्हिजिटर सेंटरजवळच सेबर-टूथ म्हणजे मोठ्या सुळ्यांच्या, मांजरासारख्या प्राण्याची कवटी सापडली होती. हे ऐकल्यावर धाकटा दोन तास जमिनीकडे बघूनच चालत होता. सापडलं तर उचलायचं नाही, जागा लक्षात ठेवून रेंजरला सांगायचं, हे मात्र त्याला पाठ झालं.

टाक्या रिकाम्या करण्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. खाली दोन सांडपाण्याच्या टाक्या, संडासची ब्लॅक आणि बेसिन-अंघोळीची ग्रे. हातमोजे घालायचे, पाइप नीट बसवायचा, आधी ब्लॅक सोडायची, ती पूर्ण गेली की मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुवून निघतो. नवरा करायचा हे काम, दहा मिनिटांचं आहे, घाण वाटायचं काही कारण नाही. चांगल्या पाण्याची टाकी साधारण 40 गॅलन, सहा माणसांना शॉवर परवडत नाही, आईने पहिल्याच दिवशी प्लास्टिकची बादली आणि तांब्या घ्यायला लावला आणि त्यावर सगळ्यांची अंघोळ झाली.

वॉल ड्रगला थांबलो, 1931 साली सुरू झालेलं, प्रवाशांना फुकट थंड पाणी देतात ते दुकान, शेकडो मैल आधीपासून पाट्या दिसत राहतात. पाणी प्यायलो, डोनट घेतले, निघालो. रात्री हिल सिटीजवळ, पाइनच्या जंगलात.

शुक्रवार, माउंट रशमोर आणि डेव्हिल्स टॉवर

रशमोरचे चार अध्यक्ष, प्रत्येक चेहरा 60 फूट, 1927 ते 1941 काम चाललं. थोरलीने शाळेत वाचलं होतं, ती आजी-आजोबांना सांगत होती, पण मी तिला बाकीचंही सांगितलं. 1868 च्या करारात अमेरिकन सरकारने हे ब्लॅक हिल्स सू लोकांना (लाकोटा त्यांच्यातलेच) कायमचे दिले होते, मग सोनं सापडलं आणि करार मोडून काढून घेतले. 1980 साली सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की हे बेकायदा होतं आणि दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई कायम केली. त्या लोकांनी ती आजवर घेतलेली नाही, त्यांना पैसे नकोत, डोंगर पाहिजेत. अण्णा म्हणाले, कोयना धरणात गेलेल्या गावांचं असंच झालं, पैशाचा कागद हातात दिला की माणसाचं गाव परत येत नाही. त्या गावांतली माणसं त्यांच्या गाडीने यायची-जायची, त्यांना ते सगळं माहिती आहे. मला वाटतं रशमोर बघायला जावं, पण हा डोंगर कोणाचा हे मुलांना सांगितल्याशिवाय परत येऊ नये. जवळच क्रेझी हॉर्सचं शिल्प 1948 पासून चाललंय, सरकारी पैसा न घेता, नुसता चेहराच 87 फुटांच्या वर.

संध्याकाळी वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर. पायथ्यापासून माथा 867 फूट, दगडाचे उभे षटकोनी-पंचकोनी खांब एकमेकांना चिकटून. 1906 मध्ये थिओडोर रूझवेल्टने जाहीर केलेलं देशातलं पहिलं नॅशनल मॉन्युमेंट हे. झाडांना रंगीत कापडं बांधलेली दिसतात, ती मूळनिवासींच्या प्रार्थनेची आहेत, हात लावायचा नाही, फोटोही काढू नयेत अशी विनंती असते. कायोवा लोकांची गोष्ट अशी की सात मुलींच्या मागे अस्वल लागलं, त्या एका खडकावर चढल्या, खडक उंच उंच वाढत गेला, अस्वलाच्या नख्यांनी त्यावर ओरखडे उठले तेच हे खांब, आणि त्या मुली आभाळात जाऊन चांदण्या झाल्या. कुठल्या चांदण्या, तर कृत्तिका. अण्णांनी हे ऐकलं आणि तिथेच ठरवलं की पहाटे उठायचं.

शनिवार, कृत्तिका आणि बिगहॉर्न

मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला पहाटे उठवावं लागत नाही. साडेतीनला त्यांनी मुलांना चादरीसकट बाहेर काढलं. कॅम्पग्राउंडला लाइट नाहीत, नदीचा आवाज, टॉवरचा काळा आकार, आणि पूर्वेला झुबका वर आलेला. अण्णांना ताऱ्यांवरून वेळ कळते, एसटीत नवीन होते तेव्हा घड्याळ नव्हतं म्हणे. त्यांनी धाकट्याला बोट धरून मोजायला लावलं, सहा दिसल्या, सातवी कोणालाच दिसली नाही. थोरलीने विचारलं, कायोवांच्या मुली सात आणि आपल्या कृत्तिका सहा कशा, तर आजीने कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा मातांची गोष्ट तिथे चहा उकळेपर्यंत सांगितली.

त्या दिवशीची गाडी मात्र माझ्या लक्षात राहील. बफेलो गावापासून यूएस-16 बिगहॉर्न पर्वतात चढतो, गाव 4600 फुटांवर, पावडर रिव्हर पास 9666 फूट. चढताना इंजिन कण्हत होतं पण चढलं. खिंडीत थांबलो, जुलै संपत आलेला तरी सावलीत बर्फ. आता उतार, टेन स्लीप कॅन्यनमधून जवळजवळ 5000 फूट खाली. मी चालवत होते, अण्णा शेजारी. आमच्यात त्या तासाभरात जे बोलणं झालं ते सगळं गाडीचंच. "टो-हॉलचं बटण दाबलंस?" दाबलं. त्याने गिअर खालचा राहतो आणि इंजिनच गाडीला धरतं. "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतरायचं." हे मी लहानपणापासून ऐकलंय, पण त्या दिवशी हाताला कळलं. "ब्रेकवर पाय ठिवून बसू नको. एकदा दाब, वेग पाड, सोड. ब्रेकला दम खाऊ दे." मागे चार गाड्या जमल्या की पुढच्या रुंद जागेत त्यांना सोडून द्यायला लावायचे, "त्यास्नी घाई हाय, आपल्याला न्हाई". त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता, मला दिसत होतं. टेन स्लीपला खाली पोचल्यावर उतरले, पुढच्या चाकाजवळ जाऊन वास घेतला, हाताचा मागचा भाग चाकाजवळ धरून बघितला आणि म्हणाले, "गार हायती." मला आजवर अनेक सर्टिफिकेटं मिळालीत, हे त्या सगळ्यांच्या वर.

रविवार, येलोस्टोन

कोडीवरून पूर्व दरवाजाने आत. फिशिंग ब्रिजला तीन रात्री, तिथे तंबूला बंदी आहे, फक्त पक्क्या भिंतींचे कॅम्पर, कारण तो ग्रिझली अस्वलांचा भाग. खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही.

रात्री भात उघड्या पातेल्यात शिजेना. इथली उंची 7700 फुटांवर, पाणी 100 ला नाही, 92 अंशांच्या आसपासच उकळतं, तांदूळ-डाळीला वेळ लागतो, तूरडाळ तर बसूनच राहते. आईने सामानातून कुकर काढला. कुकर घ्यायचा का यावर घरी बरीच चर्चा झाली होती, तिने कोणाचं ऐकलं नव्हतं. पुढचे तीन दिवस वरण-भात त्याच्यावर.

सोमवार-मंगळवार

येलोस्टोन 1872 चं, जगातलं पहिलं नॅशनल पार्क, त्याच्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे तेव्हा ओल्ड फेथफुलची वेळ वगैरे सांगत बसत नाही. अण्णांना गरम पाण्याचं फार अप्रूप नव्हतं, घाट उतरून चिपळूणच्या पुढे आरवलीला कुंड आहेच, पण एवढ्या जोराने वर उडताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. हेडन व्हॅलीत आपल्या गव्यांसारखे बायसन रस्त्यावर आले, अर्धा तास सगळ्या गाड्या उभ्या. एक तर आमच्या आरशाला घासूनच गेला, आईने हात जोडले. पायी असाल तर 25 यार्ड लांब राहायचं हे पाळा, दरवर्षी लोकं फोटोच्या नादात जखमी होतात.

माझ्यासाठी मात्र येलोस्टोन वेगळं होतं. मी लॅबमध्ये काम करते, पीसीआर म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायची पद्धत, हे माझं रोजचं. 1960 च्या दशकात थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला इथल्या मशरूम स्प्रिंग नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यात एक जीवाणू सापडला, थर्मस अक्वाटिकस. एवढ्या गरम पाण्यात कोणी जगत असेल असं तेव्हा फारसं कोणाला वाटत नव्हतं. त्या जीवाणूचं एन्झाइम उष्णतेने मरत नाही, म्हणून पुढे 1980 च्या दशकात पीसीआरची पद्धत त्यावर उभी राहिली, आणि कोविडमध्ये नाकात काडी घालून केलेली आरटी-पीसीआर टेस्ट हीच पद्धत वापरत होती. ग्रँड प्रिझमॅटिकच्या कडेचे नारिंगी-पिवळे पट्टेही अशाच जीवाणूंचे. मी आईला त्या लाकडी पुलावर उभं राहून हे समजावलं, की मी दिवसभर ऑफिसात जे करते ते या डबक्यातून आलंय. तिला पहिल्यांदा माझं काम काय ते कळलं असं ती म्हणाली. वाफ तोंडावर येत होती, चष्मे दोघींचेही धुरकटलेले.

मंगळवारी ओल्ड फेथफुलकडून वेस्ट थंबला जाताना क्रेग पासला ईसा लेक लागतं. छोटंसं तळं, कमळाची पानं, रस्त्याच्या पुलाखालीच, बरेच जण न थांबता जातात. हे कॉन्टिनेंटल डिव्हाइडवर आहे, एका टोकाचं पाणी अटलांटिकच्या बाजूला जातं, दुसऱ्या टोकाचं पॅसिफिकला, आणि गंमत म्हणजे उलटं, पश्चिम टोकाचं पाणी पूर्वेच्या समुद्राला आणि पूर्व टोकाचं पश्चिमेच्या. मी पाटी वाचून सांगत होते तर अण्णा म्हणाले, "म्हंजे कुंभार्लीचा माथा." बरोबरच आहे. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस अलीकडे कोयनेत, कोयना कराडला कृष्णेत, कृष्णा पार बंगालच्या उपसागरात, आणि पलीकडचा वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्रात. त्या रेषेवरून हा माणूस रोज ये-जा करायचा. आणि पाणी उलटं जाणं तर आपल्याकडे माणसाने केलंय, कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडतात. त्यांनी मुलांना काठीने मातीत सगळं काढून दाखवलं, सह्याद्री, धरण, बोगदा, दोन नद्या. आणखी दोन कुटुंबं थांबून बघत होती, थोरली त्यांना इंग्रजीत सांगत होती. त्या तळ्याकाठी आम्ही ओल्ड फेथफुलपेक्षा जास्त वेळ थांबलो.

बुधवार

ग्रँड टेटन, जॅक्सन, मग स्नेक नदीच्या कॅन्यनने अल्पाइन. जॅक्सनहून आयडाहोत जाणारा टेटन पासचा रस्ता 10 टक्के चढाचा आहे, मोठ्या गाडीने तो टाळावा, आम्ही टाळला. रात्री उशिरा सॉल्ट लेक सिटीच्या अलीकडे. उकाडा सुरू.

गुरुवार, मिठाचं मैदान आणि नेवाडा

परत आय-80. बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्सला अनवाणी चालून पाय पांढरे केले, हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या एका अवाढव्य सरोवराचं हे मीठ. मग नेवाडा, एक डोंगररांग, एक रिकामी दरी, परत डोंगररांग. हंबोल्ट नदी सोबत होती, अण्णांनी विचारलं ही कुठल्या समुद्राला मिळते. कुठल्याच नाही. ती लव्हलॉकच्या पुढे वाळवंटातच जिरते, या सगळ्या खोऱ्यातलं पाणी समुद्राला पोचतच नाही. हे त्यांना मंगळवारच्या तळ्यापेक्षा अजब वाटलं. समांतर मालगाड्या धावत होत्या, 1869 मध्ये पूर्व-पश्चिम जोडणारा पहिला लोहमार्ग याच बाजूने गेला, डोंगरातले बोगदे चिनी मजुरांनी हाताने फोडले.

विनेमकाला मुक्काम. तिथे आईने राहिलेला सगळा कढीपत्ता चिवड्याच्या फोडणीत घातला, कारण उद्या कॅलिफोर्निया.

शुक्रवार, सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून

ट्रकीला कॅलिफोर्नियाची शेतीमालाची चौकी असते, फळं-झाडं आहेत का विचारतात. लिंबू-संत्र्याच्या बागांवर रोग पसरवणारा एक कीडा कढीपत्त्यावरही जगतो, म्हणून कढीपत्त्याबद्दल ते फार कडक आहेत. आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं, पिशवीत लपवून नेऊ नये, तिकडच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं. आमच्याकडे नेवाडातली दोन सफरचंदं होती ती दिली.

डॉनर समिट 7239 फूट. 1846 च्या हिवाळ्यात बैलगाड्या घेऊन आलेले 80 च्या वर लोक इथे बर्फात अडकले, त्यातले निम्म्याच्या आसपासच जिवंत बाहेर पडले. खाली सॅक्रमेंटोपर्यंत लांब उतार, यावेळी नवरा चालवत होता आणि त्याला सूचना मी देत होते, अण्णा मागे टेबलाशी पट्टा लावून खिडकीतून बघत बसले होते. एकदाही पुढे वाकले नाहीत. आठच्या सुमारास फ्रीमॉन्ट, मावसभावाकडे पुरणपोळीचा बेत.

शनिवार

सकाळी टाक्या रिकाम्या केल्या, आतून झाडून-पुसून घेतलं, पेट्रोल भरलं आणि गाडी परत. बिलाबद्दल एक सूचना, भाड्यात मैल आणि जनरेटरचे तास वेगळे लागतात, ते आधी नीट विचारून घ्या, आम्ही जनरेटर जवळजवळ वापरलाच नाही त्यामुळे पैसे वाचले. पेट्रोलचा खर्च मात्र धरून चालण्यापेक्षा जास्त येतो. अण्णांनी तिथल्या मेकॅनिकला माझ्यामार्फत सांगितलं की मागच्या डाव्या बाजूच्या आतल्या टायरची हवा रोज थोडी उतरत होती, दुसऱ्याला द्यायच्या आधी व्हॉल्व्ह बघून घ्या. त्याने लगेच खाली वाकून बघितलं, व्हॉल्व्ह बदलायचं कागदावर लिहिलं, आणि त्या कागदावर आमच्यासमोर सही केली.